कोणती फट बुजवायची?

माझी थोरली बहीण लग्न होऊन विलायतेला गेली त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. इंग्लंडच्या उत्तरेला लँकशायर परगण्यात, एका जुन्या गिरणगावात तिचे घर आहे. तिथल्या कापडगिरण्या कधीच बंद पडल्या. मागे राहिल्या त्या एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या दगडी घरांच्या रांगा, आणि त्या घरांत आपल्या कोकणातली, गुजरातेतली, मीरपूरकडची माणसे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच तिच्याकडे गेले. पोहोचले त्या दिवशी दुपारी साडेचारलाच मगरीबची अजान झाली. मशिदीतली अजान घरात ऐकू यावी म्हणून तिथे भिंतीवर छोटा रेडिओ बसवतात, त्यातून आली. बाहेर काळोख, पाऊस, आणि हाडात शिरणारी थंडी.

"पुढच्या खोलीत झोप, तिथे स्टोव्ह आहे," आपा म्हणाली.

स्टोव्ह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पितळेची टाकी, पिन आणि पंप असलेला रॉकेलचा स्टोव्ह येतो. हा तो नव्हे. ही बिडाची भक्कम पेटी असते. भिंतीतल्या जुन्या धुराड्याच्या कोनाड्यात ती बसवतात, समोर काचेचे दार, वर पत्र्याचा नळ, तो धुराड्यात गेलेला. आत लाकडे जळतात, पेटी तापते आणि खोली ऊबदार होते. आपल्याकडचा अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आठवा. तत्त्व तेच, फक्त इथे पाण्याऐवजी हवा तापवायची. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये तिकडे गॅसची बिले अशी भडकली की दुल्हाभाईंनी कोणाकडून तरी वापरलेला स्टोव्ह घेऊन बसवला.

लाकूड जाळायला तिथे मनाई नाही, पण मोकळीकही नाही. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुराचे दाट धुके पाच दिवस बसून राहिले आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. आपाचे गाव धूरबंदीच्या क्षेत्रात येते. तिथे मान्यताप्राप्त बनावटीचाच स्टोव्ह चालतो आणि लाकूड सुके लागते, म्हणजे त्यात पाण्याचा अंश शेकडा वीसपेक्षा कमी हवा. ओले लाकूड थोड्या प्रमाणात विकायलाच २०२१ पासून इंग्लंडमध्ये बंदी आहे.

तर हा स्टोव्ह बिघडला होता. बिघडला म्हणजे काय, तर टोपलीभर लाकूड रात्रभर पुरायला हवे ते इशाच्या नमाजपर्यंत संपायचे. हवेची कळ पूर्ण बंद केली तरी आतली ज्वाळा धडधडतच राहायची. काचेच्या डाव्या बाजूला, कडेकडेने, काजळीचे काळे ओघळ धरले होते. पेटवताना खोलीत धुराचा वास यायचा. दुल्हाभाई म्हणत, लाकूडच वाईट आलेय. आपा म्हणे, वापरलेली वस्तू घेतली की असेच होते.

माझी भाची तिथल्या कॉलेजात शिकते. तिने एका संध्याकाळी, स्टोव्ह थंडगार असताना, एक सोपी परीक्षा करून दाखवली. कागदाची एक पट्टी घेतली, दार उघडून ती चौकटीवर धरली आणि दार कडी लावून बंद केले. मग पट्टी ओढली. उजव्या बाजूला ती घट्ट अडकली, ओढल्यावर फाटली. वरच्या बाजूला जराशी अडून निघाली. डाव्या बाजूला मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद हातात आली.

"पूर्वी इथे नोटेने बघायचे म्हणे," ती म्हणाली. "आता नोटा प्लॅस्टिकच्या झाल्यात. दार गरम असेल तर पाच पौंड चिकटून बसतील."

दाराच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी एक खाच असते. तिच्यात काचतंतूंची विणलेली जाड दोरी बसवलेली असते. दार लावले की ही दोरी दाबली जाते आणि लोखंडाला लोखंड लागताना जी फट राहते ती भरून निघते. दोन-तीन हिवाळ्यांत दोरी चपटी होते, कडक होते, तिची लवचीकता जाते. मग दार लागलेले दिसते पण लागलेले नसते. स्टोव्हला हवा किती द्यायची हे आपण कळीने ठरवतो. फट असली की हवा आपल्याला न विचारता आत येते. त्यामुळे आग आवरत नाही, लाकूड भराभर जळते, आतले पत्रे प्रमाणाबाहेर तापून वाकतात. काच स्वच्छ राहावी म्हणून वरून काचेवर हवेचा एक पातळ पडदा सोडलेला असतो. फटीतली हवा त्यात घुसली की तो मोडतो आणि तिथेच काजळी धरते. काचेवरचा काळा ओघळ फट कुठे आहे ते बोट दाखवून सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटवला नाही. मी आणि भाचीने मिळून दोरी बदलली. काम सोपे आहे, घाईचे नाही. दार बिजागरीच्या खिळ्यांवरून उचलून काढले आणि जुन्या टॉवेलवर पालथे ठेवले. भलतेच जड असते, एकीने उचलू नये. जुनी दोरी काढण्याआधी भाचीने तोंडाला मास्क लावला आणि दोरीवर पाणी शिंपडले. फार जुन्या स्टोव्हच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याचे तंतू छातीत गेले तर वर्षानुवर्षांनी आजार देतात. हा स्टोव्ह तितका जुना नव्हता, तरी तिने काळजी घेतली, हे मला आवडले. (तसा संशय असलेल्या जुन्या स्टोव्हला मात्र आपण हात लावायचाच नसतो, जाणकाराला बोलवायचे.) दोरी निघाली. मग खाचेतला जुना सुकलेला गोंद स्क्रू-ड्रायव्हरने आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढायला तासभर गेला. हाच भाग लोक टाळतात. जुन्या गोंदावर नवी दोरी बसत नाही, वर उचललेली राहते.

दोरी किती जाड, हा खरा प्रश्न. सहा मिलिमीटरपासून बारा-चौदापर्यंत मिळतात. जाड दोरी चांगली बसेल असे मला वाटले होते. दुकानदाराने भाचीला सांगितले की जाड दोरीने दार लागतच नाही. जोर करून लावले तर बिजागरी वाकते, नाहीतर काच तडकते. बारीक घेतली तर कागद पुन्हा निसटणार. कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो, तोच घ्यायचा. आमच्या स्टोव्हला दहा मिलिमीटरची लागली.

आधी गोंद न लावता दोरी खाचेत ठेवून लांबी पाहिली. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून पट्टीसकट कापली, नाहीतर टोक पिंजून झाडूसारखे होते. मग उष्णता सोसणाऱ्या गोंदाची रेघ खाचेत ओढली आणि दोरी बोटाने दाबत बसवली. "ओढू नका, खाला," भाची सारखी बजावत होती. "ताणली की बारीक होते." कोपऱ्यात माझा हात आपोआप ओढायचा. शिवणाची सवय, दुसरे काय. सांधा खालच्या कडेला, दोन टोके एकमेकांना भिडलेली, एकावर एक नव्हेत. दार परत चढवले, मधे भाजणीचा कागद ठेवला म्हणजे गोंद चौकटीला चिकटणार नाही, आणि कडी लावून रात्रभर तसेच सोडले.

हे करताना मला राहून राहून नानीची आठवण येत होती. खाडीकाठच्या आमच्या घरी ईदला, लग्नाला बिर्याणीची देग चढायची. थर लावून झाले की नानी कणकेची लांब वळकटी करायची, देगीच्या काठावर फिरवायची आणि झाकण दाबून बसवायची. वळकटी कुठे बारीक, कुठे जाड झालेली तिला चालत नसे. वाफेचा धागा कुठून निघाला की ती ओल्या बोटाने तिथे कणीक लिंपायची. दम देणे म्हणजे वाफ आत कोंडणे. मी भाचीला म्हटले, "हे तर दमाचे झाकण." ती हसली. पण देगीत आणि स्टोव्हमध्ये एक फार मोठा फरक आहे. तो त्या वेळी मला सुचला नाही. देगीत जळत काही नसते.

तिसऱ्या दिवशी आधी लहान जाळ केला, मग नेहमीचा. कागदाची पट्टी आता चारही बाजूंनी अडत होती. कळ फिरवली की ज्वाळा आज्ञाधारक मुलासारखी खाली बसायची. टोपलीभर लाकूड रात्रभर पुरले. दुल्हाभाईंनी लाकडाच्या पैशांचा हिशेब मांडला. आम्ही दोघी शाबासकी घेत फिरलो.

आता माझी चूक सांगते.

मी ज्या खोलीत झोपत होते तिथे सोफ्यामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीत एक जाळी होती. तिच्यातून थंड हवेची धार थेट माझ्या पायांवर यायची. दुसऱ्याच रात्री मी माझी जुनी ओढणी घडी करून त्या जाळीत कोंबली आणि सोफा पुन्हा भिंतीला लावला. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असेच वाटले नाही. एवढा पैसा खर्चून खोली गरम करायची आणि भिंतीला भोक ठेवायचे, ही मला साहेबाची विसरभोळेपणाची खूण वाटली.

दार दुरुस्त केल्यानंतर दोन दिवस माझे डोके दुखत होते. आपाचेही. मी प्रवासाचा शीण म्हटले, तिने हवा बदलली म्हटले. बाहेर बाजारात गेलो की बरे वाटायचे, घरी आलो की पुन्हा जड. शनिवारी आपाने बिर्याणी केली. वास घरभर राहू नये म्हणून स्वयंपाकघरातला धूर खेचणारा पंखा जोरात लावला आणि तो तसाच चालू राहिला. इशा पढून मी आडवी झाले. दुल्हाभाईंनी नेहमीप्रमाणे दोन मोठे ओंडके टाकले आणि जाळ रात्रभर धुमसत राहावा म्हणून हवेची कळ अगदी बंद करत आणली.

झोपेत मला शाळेची घंटा ऐकू आली. मला आठवते, मी मनात म्हटले, मधली सुट्टी झाली, अजून थोडे पडून राहू. घंटा थांबेना. मग कोणीतरी माझे खांदे धरून हलवत होते. भाची होती. भिंतीवरचा पांढरा डबा किंचाळत होता.

"बॅटरी संपली असेल," जिन्यावरून दुल्हाभाई म्हणाले.

"नाही अब्बा, बॅटरीला मिनिटाने एकदा वाजते. हे चार-चारदा वाजतेय. सगळे बाहेर चला."

पाऊस पडत होता. रात्रीच्या साडेबारा वाजता आम्ही चौघे शाली गुंडाळून फुटपाथवर उभे राहिलो. मी तिथेच ओकले. फायर ब्रिगेडचे लोक आले, त्यांनी हातातल्या यंत्राने खोली तपासली आणि आम्हाला इस्पितळात पाठवले. रक्त तपासले, माझ्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त होता, कारण मी त्या खोलीत झोपत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून पहाटेपर्यंत बसवले. फजर मी खुर्चीतच इशाऱ्याने पढले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. लाकूड, कोळसा, गॅस, काहीही जळताना हवा अपुरी पडली की तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा तो दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्त रिकाम्या हाताने फिरत असते. साध्या हवेत आल्यावरही रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. लक्षणे अगदी साधी: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप. सर्दी-तापासारखीच, पण ताप नाही. घरातल्या सगळ्यांचे एकदम दुखते आणि बाहेर गेले की कमी होते, एवढीच काय ती खूण. ती आम्हाला दोन दिवस दिसत होती आणि आम्ही ओळखली नाही.

दोन दिवसांनी धुराडे झाडणारा माणूस आला. साठीचा गोरा, हातपाय काजळीने रंगलेले. त्याने आधी धुराडे झाडले. दोन वर्षे कोणी हात लावला नव्हता, अर्धी बादली काजळी निघाली. नुसते लाकूड जाळत असाल तर वर्षातून दोनदा झाडा, म्हणाला. मग दार तपासले, कागदाची पट्टी लावून. "छान बसवलीय दोरी," त्याने भाचीला सांगितले. मग तो गुडघ्यावर बसला, सोफा ओढला आणि दोन बोटांनी माझी ओढणी जाळीतून बाहेर काढली. वाऱ्याची धार त्याच्या बाहीवर आली. त्याने ओढणी माझ्याकडे दिली. बोलला काहीच नाही. आपाने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षे वर्गात उभी राहून मी मुलांना हवेचे घटक शिकवते.

त्याने जे समजावले ते असे. दाराला फट असते तेव्हा पेटता स्टोव्ह त्या फटीतून धूर बाहेर टाकत नाही, उलट खोलीतली हवा आत ओढतो, कारण तापलेले धुराडे सतत वर खेचत असते. पेटवताना येणारा धुराचा वास बहुधा दाराचा नव्हताच. थंड आणि काजळीने अरुंद झालेल्या धुराड्याचा होता. फटीमुळे आग नेहमी भडकलेली राहायची, त्यामुळे धुराडे तापलेले राहायचे आणि सगळे विष वर निघून जायचे. लाकूड वाया जात होते, पण माणसे वाचत होती. आम्ही दार घट्ट केले, कळ बंद करून आग धुमसत ठेवली. धुमसत्या आगीत कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो आणि धुराडे गार पडल्याने त्याचा खेच कमी होतो. त्यात मी भिंतीतली जाळी बुजवली. वर स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. तेवढी हवा घरात कुठूनतरी यायला हवी ना? जाळी बंद, खिडक्या दुहेरी काचेच्या, रबर लावलेल्या. एकच रस्ता उरला: धुराडे. हवा धुराड्यातून उलटी खाली आली आणि धुमसत्या लाकडाचा वायू घेऊन स्टोव्हच्या कळीतून खोलीत, माझ्या उशाशी.

मी मास्तरीण, मला आकडे लागतात. एक किलो सुके लाकूड पुरते जळायला हिशेबाने पाच-सहा किलो हवा लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण चौतीस किलो हवा मावते. म्हणजे तीन-साडेतीन किलो लाकूड जळले की खोलीभर हवा धुराड्यातून निघून गेलेली असते. ती भरून काढायला भिंतीत जाळी. इंग्लंडच्या नियमात पाच किलोवॉटवरच्या स्टोव्हला अशी कायम उघडी जाळी लागतेच, आणि नवी घरे इतकी हवाबंद असतात की लहान स्टोव्हलाही लागते. स्टोव्ह नवा बसवला की तो पांढरा डबाही सक्तीचा आहे. स्टोव्हपासून एक ते तीन मीटरच्या अंतरावर तो लावतात. किंमत आपल्या एका साध्या मिक्सरहून कमी.

ही विलायतेची गोष्ट इथे कशाला, असे कोणी म्हणेल. परत आल्यापासून मला आपली घरे वेगळी दिसू लागली आहेत, म्हणून.

नानीच्या घरात चूल होती आणि घराला फटी होत्या. कौलांच्या सांध्यांतून धूर निळसर होऊन बाहेर पडायचा, सकाळच्या उन्हात तो दिसायचा. त्या धुराने नानीचे डोळे आणि छाती खराब झाली, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या घरात रात्रीतून कोणी गुदमरून गेले नाही. चुलीला तडा गेला की नानी माती-शेणाने पोतारायची, कौलांच्या फटींना मात्र पावसाच्या थेंबापुरतीच हात लावायची. आता आपण स्लॅब घातला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, एसीसाठी फटी बुजवल्या. आणि आत जळणारी वस्तू मात्र ठेवली.

बाथरूममधला गॅस गिझर घ्या. चार बाय सहाची न्हाणी, छोटी खिडकी, थंडी लागते म्हणून किंवा शेजाऱ्यांना दिसते म्हणून तिला पुठ्ठा लावलेला. लागोपाठ दोघा-तिघांच्या अंघोळी. आतून कडी. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात त्याच प्रकारची बातमी येते आणि आपण वाचून पान उलटतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा, एवढा साधा उपाय आहे. ते शक्य नसेल तर खिडकी उघडी, आणि पाणी आधी बादलीत भरून गिझर बंद करून मगच अंघोळ.

दुसरी जागा बाळंतिणीची खोली. आपल्या सगळ्याच समाजांत शेक-शेगडी चालते. दारे-खिडक्या लावून, फटीत कापड घालून, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. वरून ओवा-शेपाची धुरी. बाळंतिणीला वारा लागू नये हा हेतू मायेचा आहे. पण निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, आणि नेमका निखाराच कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. बाळ झोपलेय की सुस्त झालेय हे त्या काळोख्या खोलीत कळणार कसे? शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. शेगडी हवीच असेल तर दार उघडे, कोणीतरी जागे, आणि शेक झाला की शेगडी अंगणात. लोबान-ऊद जाळतो त्या निखाऱ्यांनाही हाच नियम.

उर्दूत लाकडाच्या स्टोव्हला बुखारी म्हणतात, काश्मीरमध्ये घरोघरी हाच शब्द आहे. तो बुखार म्हणजे वाफ, यावरून आला. इमाम बुखारींचे नाव त्यांच्या बुखारा शहरावरून. दोन शब्दांचा संबंध नाही, पण वर्गात मुले हमखास विचारतात. इस्पितळातून परतल्यावर आपाने इमाम बुखारींच्याच संग्रहातली एक हदीस मला काढून दाखवली. ती मुस्लिम शरीफमध्येही आहे. हजरत अबू मूसा अशअरी (र.) यांनी ती सांगितली आहे. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ते पैगंबरांच्या (स.) कानावर गेले, तेव्हा त्यांनी आगीला माणसाची शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. मी ही हदीस शाळेत असल्यापासून ऐकत आले. दिवा मालवणे, शेगडीवर पाणी मारणे असे समजत होते. रात्रभर धुमसत राहावे म्हणून दोन ओंडके टाकून झोपणाऱ्या घरात ती कुठे लागू पडते हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. आता आपाकडे झोपण्याआधी लाकूड टाकत नाहीत. असलेले जळू देतात, आणि रात्री पांघरूण जाड घेतात.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दाराची कागदपट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. नवी दोरी थोडी दबली होती, वरच्या डाव्या कोपऱ्यात पट्टी हलकी झाली होती. माणसाने सांगितलेच होते, काही दिवसांनी दोरी बसते, मग कडीचा स्क्रू जरासा आवळायचा. भाचीने तो आवळला. पट्टी अडली.

घरी आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी अम्मीकडे गेले. तिच्या न्हाणीच्या खिडकीत खताच्या रिकाम्या गोणीचा बोळा होता. कोणी कोंबला विचारले तर म्हणाली, "तूच नाही का, गेल्या डिसेंबरात? म्हणालीस वारा येतो." गोणी मी काढली, आणि त्याच आठवड्यात प्लंबरला बोलावून गिझर बाहेरच्या पडवीत हलवला.

परवा आपाने फोटो पाठवला. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला आहे. जाळीच्या वर भाचीने कागद चिकटवलाय, तिच्या वेड्यावाकड्या उर्दू अक्षरात. 'बंद' या शब्दातला नुक्ता तिने विसरून नंतर लाल शाईने दिलाय. लिहिलेय: ही बंद करू नये. आणि खाली, बारीक अक्षरात: खालाजान, तुम्हीसुद्धा.